गुलमर्गला जावे ते मुक्कामाला

काश्मीर सहलीच्या बहुतेक कार्यक्रमपत्रिकांत गुलमर्गच्या वाट्याला एक दिवस येतो, आणि तोही पुरता नसतो. सकाळी श्रीनगरहून गाडी निघते. तंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि लांब कोट अंगावर चढतात. वर पोचल्यावर बराचसा वेळ गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, रांगेत जातो. पहिल्या टप्प्यावर बर्फात फोटो होतात, मुले स्लेजवरून थोडी घसरतात, मॅगी आणि कहवा होतो, आणि उन्हे कलली की चालक निघायची घाई करू लागतो. घरी परतल्यावर मंडळी 'गुलमर्ग झाले' असे सांगतात.

झालेले असते ते बर्फाला हात लावणे. ज्या उतारांसाठी पोलंड, रशिया, ऑस्ट्रेलियातले स्कीपटू अर्धे जग ओलांडून येतात आणि दोन-दोन आठवडे राहतात, ते उतार आपला पर्यटक चार तासांत सोडून येतो. वास्तविक स्की शिकायला हवी असणारी प्रत्येक गोष्ट तिथे आहे: नवशिक्यांसाठी सौम्य उतार, सरकारी संस्था, पिढ्यानपिढ्या शिकवणारे स्थानिक प्रशिक्षक, आणि थकवा घालवायला फरची जंगले. कमी पडतात ते दिवस. म्हणून गुलमर्गची योजना आखताना पहिला निर्णय हॉटेलचा किंवा विमानाचा नसून रात्रींचा असावा. वर किमान पाच रात्री, त्यांच्या दोन्ही बाजूंना श्रीनगरमध्ये एकेक. यापेक्षा कमी वेळ असेल तर दल सरोवर आणि मुघल बागा निवांत पाहाव्यात आणि गुलमर्ग पुढच्या वर्षावर टाकावे.

बारामुल्ला जिल्ह्यात, पीर पंजाल रांगेच्या कुशीत, सुमारे 2,650 मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. गाव म्हणण्यापेक्षा परातीसारखे पसरलेले कुरण म्हणावे, ज्याच्या काठाने हॉटेले, दुकाने आणि लष्कराच्या इमारती उभ्या आहेत. श्रीनगरपासून अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. त्यातले शेवटचे तेरा किलोमीटर, तंगमर्गपासूनचे, जंगलातून वळणे घेत चढतात. जुने नाव गौरीमर्ग. सोळाव्या शतकात सुलतान यूसुफ शाह चक याने गुलमर्ग हे नाव दिले, असे सांगतात. इंग्रजांच्या काळात उन्हाळ्यात मैदानी प्रदेशातला उकाडा टाळण्यासाठी साहेबलोक इथे येऊन राहत. 1902 सालचे सेंट मेरी चर्च आणि जगातल्या सर्वांत उंचावरच्या मैदानांत गणले जाणारे गोल्फचे मैदान या त्या काळाच्या खुणा. हिवाळ्याची खूण मात्र वेगळी आहे. 1927 मध्ये ब्रिटिशांनी इथे 'स्की क्लब ऑफ इंडिया' स्थापन केला आणि नाताळ व ईस्टर अशा दोन हंगामांत स्कीचे मेळावे भरू लागले. म्हणजे गुलमर्गच्या उतारांवर स्की येऊन शंभर वर्षे होत आली आहेत.

स्वातंत्र्यानंतर ही परंपरा पुढे नेली ती लष्कराने. 1948 मध्ये, काश्मीरच्या लढाईचा अनुभव ताजा असताना, जवानांना बर्फात लढायला शिकवण्यासाठी इथे स्की शाळा सुरू झाली. पुढे लष्करप्रमुख झालेले के. एस. थिमय्या यांची ती कल्पना. तीच शाळा आज हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल म्हणून जगभर ओळखली जाते. साठच्या दशकाच्या अखेरीस केंद्रीय पर्यटन खात्याने नागरिकांसाठीही प्रशिक्षण सुरू केले आणि त्यातून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग ही संस्था आकाराला आली. सामान्य घरातल्या मुलामुलींना परवडेल अशा शुल्कात, राहण्या-जेवणासह, साहित्यासह स्की शिकायची सोय देणाऱ्या संस्था देशात मोजक्या आहेत आणि ही त्यांतली एक आहे. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण मंडळांतल्या तरुणांनी तिच्या अभ्यासक्रमांच्या तारखांवर लक्ष ठेवायला हवे, कारण जागा मर्यादित असतात. पहलगामच्या जवाहर इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग अँड विंटर स्पोर्ट्सचे स्की अभ्यासक्रमही हिवाळ्यात गुलमर्गच्या उतारांवर होतात.

या मातीतून तयार झालेला सर्वांत ठळक खेळाडू म्हणजे आरिफ खान. तंगमर्ग भागातला. वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या साहित्याचे दुकान, त्यामुळे चालता-बोलता येऊ लागल्यावर लवकरच पायात स्की आल्या. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो भारताचा एकमेव खेळाडू होता आणि उद्घाटनात तिरंगा त्याच्याच हाती होता. जायंट स्लॅलम शर्यतीत तो 45 वा आला. त्याच्या आधी, 1988 च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये गुलमर्गचा गुल मुस्तफा देव उतरला होता. या नावांची आठवण पर्यटकाने ठेवावी, ती एका साध्या कारणासाठी: गुलमर्गच्या उतारावर जो माणूस आपल्याला शिकवायला उभा राहतो, तो याच वस्त्यांतून आलेला असतो आणि त्याच बर्फात वाढलेला असतो. त्याच्याकडे गळ्यात पडणारा फेरीवाला म्हणून पाहणे हा त्याचा अपमान आहे.

आता मुख्य प्रश्न, कधी जायचे. काश्मीरच्या थंडीचे तीन भाग तिथले लोक पिढ्यानपिढ्या मोजत आले आहेत. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्ले कलान, सर्वांत कडक. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्ले खुर्द. शेवटी दहा दिवसांचा चिल्ले बच्चा, जो मार्चच्या तोंडावर संपतो. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ या काळात एकामागून एक काश्मीरवर धडकतात आणि पीर पंजालच्या रांगेवर हिम रिते करतात. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ स्कीसाठी सर्वांत भरवशाचा. डिसेंबरात वरच्या उतारांवर हिम असते, पण खालच्या शिकाऊ उतारांवर थर पातळ राहू शकतो. मार्चमध्ये सकाळी बर्फ कडक आणि दुपारी ओलसर होतो. शिकणाऱ्याला तो जड जातो, पण दिवस मोठा आणि थंडी सुसह्य असते.

मराठी कुटुंबांची अडचण इथेच आहे. मुलांना सुट्टी असते नाताळात, आणि तेव्हा गुलमर्गमध्ये गर्दी सर्वाधिक, दर चढे आणि हिमाची खात्री कमी. फेब्रुवारीत हिम उत्तम, पण तेव्हा दहावी-बारावीच्या परीक्षा आणि इतर इयत्तांचा अभ्यास. यावर सर्वांना चालेल असा तोडगा नाही. ज्यांच्या घरात बोर्डाचे वर्ष नाही त्यांनी 26 जानेवारीच्या सुट्टीला जोडून आठवडाभराची रजा शाळेत मागावी. बर्फावर आठ दिवस काढलेले मूल अभ्यासात मागे पडत नाही. ज्यांची मुले कॉलेजात किंवा नोकरीत आहेत, त्यांनी सरळ फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरावा.

मात्र तारीख कितीही विचाराने निवडली तरी हिमाची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि अलीकडच्या वर्षांत ती आणखी डळमळीत झाली आहे. 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडे होते. ऐन चिल्ले कलानमध्ये तपकिरी गवताची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून आली आणि हॉटेलांची आरक्षणे धडाधड रद्द झाली. मग महिन्याच्या अखेरीस हिम आले आणि फेब्रुवारीत खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा ठरल्याप्रमाणे झाल्या. 2025 मध्ये उलटे घडले. फेब्रुवारीत ठरलेल्या याच स्पर्धा पुरेशा हिमाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये पार पडल्या. राष्ट्रीय स्पर्धेच्या आयोजकांना जे चुकवता आले नाही ते सहलीला निघालेल्या कुटुंबाला चुकवता येईल, असे मानू नये. त्यामुळे तारीख बदलता येईल असे विमानाचे तिकीट आणि रद्द केल्यास पैसे परत देणारे हॉटेल यांसाठी थोडे जास्त मोजावे लागले तरी ते पैसे सार्थकी लागतात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात हवामान खात्याच्या श्रीनगर केंद्राचा अंदाज रोज पाहावा. हिम नसेल तर बेत मोडायचा की फक्त बदलायचा, हेही घरात आधीच बोलून ठेवावे.

2025 च्या एप्रिलची आठवण टाळून काश्मीरवर लिहिता येणार नाही. 22 एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरन कुरणात दहशतवाद्यांनी 26 जणांना ठार केले. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. डोंबिवली, पुणे, पनवेलच्या घरांतली ती माणसे सहलीलाच गेली होती. त्यानंतर जम्मू-काश्मीरमधली अनेक पर्यटनस्थळे बंद करण्यात आली आणि पुढे टप्प्याटप्प्याने उघडली. काश्मीरला जायचे की नाही, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा आहे, आणि भीती वाटणाऱ्याला कोणी भित्रा म्हणू नये. जाणाऱ्याने मात्र डोळे उघडे ठेवून जावे: कोणती ठिकाणे खुली आहेत याची सरकारी माहिती निघण्यापूर्वी पाहावी, गुलमर्गच्या वरचा डोंगर नियंत्रण रेषेच्या जवळ आहे हे लक्षात ठेवावे, आणि जवानाने अडवलेल्या वाटेवर हुज्जत घालू नये.

पोचण्याची वाट आता पूर्वीपेक्षा सोपी आहे. मुंबईहून श्रीनगरला विमाने आहेत. जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत रेल्वेही सुरू झाली आहे आणि ती चिनाब नदीवरच्या उंच पुलावरून जाते. पण हिवाळ्यात श्रीनगरचे विमानतळ धुक्याने किंवा हिमवृष्टीने तासन् तास, कधी दिवसभर ठप्प होते, आणि जोरदार हिम पडले की तंगमर्ग ते गुलमर्ग रस्ताही बंद राहतो. गुलमर्गहून सकाळी निघून दुपारचे विमान पकडण्याचा बेत म्हणूनच धोक्याचा. परतीच्या आदली रात्र श्रीनगरलाच काढावी. तंगमर्गच्या वर टायरांना साखळ्या लावलेल्या गाड्याच जाऊ शकतात. श्रीनगरहून गाडी ठरवतानाच चालकाकडे साखळ्या आहेत का, की तंगमर्गला गाडी बदलायची आणि ते पैसे वेगळे, हे स्पष्ट बोलून घ्यावे. आणखी एक बारीकशी बाब, जी ऐन वेळी फार त्रास देते: इतर राज्यांतली प्रीपेड मोबाइल सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. कुटुंबातल्या निदान दोघांकडे पोस्टपेड क्रमांक असावा.

राहण्याचे ठिकाण निवडताना एकच वाद असतो, वर की खाली. तंगमर्गला खोल्या स्वस्त मिळतात, पण मग रोज सकाळी तेरा किलोमीटर चढायचे आणि संध्याकाळी उतरायचे. हिम पडले की तेही बंद. स्की शिकायला आलेल्याने वरच राहावे, भले खोली लहान असली तरी. खोली ठरवताना खिडकीतून काय दिसते ते विचारण्याआधी ती गरम कशी राहते ते विचारावे. कुठे लाकडाची बुखारी असते, कुठे मध्यवर्ती हीटिंग, कुठे फक्त विजेचे ब्लँकेट. वीज गेली तर जनरेटर किती तास चालतो, गरम पाणी दिवसभर मिळते की ठरावीक वेळी, ओले बूट आणि हातमोजे वाळवायची जागा आहे का, हे प्रश्न मुंबईत बसून क्षुल्लक वाटतात. उणे दहा अंशांच्या रात्री सगळी सहल त्यांच्यावरच ठरते.

उंचीचाही विचार आधीच करावा. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर. गुलमर्गचे कुरण त्याहून हजार मीटर वर आहे, आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा अर्ध्या तासाच्या आत माणसाला जवळपास 4,000 मीटरवर नेऊन सोडतो. समुद्रसपाटीवरून सकाळी निघालेल्या शरीराला ही उडी झेपतेच असे नाही. डोके दुखणे, मळमळ, पायऱ्या चढताना धाप ही पहिली लक्षणे, आणि त्यांवरचा पहिला उपाय म्हणजे खाली उतरणे. म्हणून पहिली रात्र श्रीनगरला, सुमारे 1,585 मीटरवर. दुसऱ्या दिवशी गुलमर्गला पोचून फक्त सपाटीवर फेरफटका, भरपूर पाणी आणि लवकर झोप. वरचा टप्पा तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आधी करूच नये. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे आणि वरच्या टप्प्याचा मोह सोडावा. खालच्या कुरणातही हिमाचे सुख कमी नाही.

गोंडोला हे गुलमर्गचे मोठे वैभव. पोमा या फ्रेंच कंपनीच्या तंत्रज्ञानाने तो उभारला. कुरणापासून कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा 1998 मध्ये, तर कोंगडोरीहून अफरवत शिखराच्या खांद्यापर्यंतचा दुसरा टप्पा 2005 मध्ये सुरू झाला. 2011 मध्ये कोंगडोरीहून मेरी शोल्डरपर्यंत खुर्च्यांची लिफ्टही आली. कोंगडोरी सुमारे 3,050 मीटरवर, तर अफरवतचे स्थानक 3,950 मीटरच्या आसपास. एवढ्या उंचीवर रोपवेने पोचवणारी स्कीची ठिकाणे जगात मोजकीच आहेत, आणि परदेशी स्कीपटू गुलमर्गला येतात ते त्यामुळेच. तिकिटे जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात, दोन्ही टप्प्यांची वेगवेगळी, आणि हंगामात ती बरीच आधी संपतात. वाऱ्याचा जोर वाढला की दुसरा टप्पा थांबवतात. त्यावरून खिडकीवर भांडण करू नये. जून 2017 मध्ये वादळी वाऱ्यात झाड गोंडोलावर कोसळून सात जण दगावले होते. मुक्कामाचा फायदा इथे कळतो. आज बंद असेल तर उद्या सकाळी पहिल्या फेरीला जाता येते, आणि आकाश निरभ्र असेल तर वरून 8,126 मीटर उंचीचा नंगा पर्वतही दिसू शकतो.

प्रत्यक्ष स्की शिकण्याची सुरुवात मात्र गोंडोलापासून दूर, खालच्या कुरणातल्या छोट्या उतारांवर होते. आधी बूट. स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा असतो आणि नवख्याला तो बेडीच वाटतो. पायात जाड मोजे एकावर एक चढवण्याची चूक जवळपास सगळे करतात. लोकरीचा एकच मोजा घालावा, पायाची बोटे बुटाच्या टोकाला हलकी टेकावीत, आणि गुडघा वाकवला की टाच वर उचलली जाऊ नये. बूट दुखत असेल तर लगेच बदलून मागावा. स्कीची लांबी नवशिक्याला हनुवटी-नाकापर्यंत पुरे. बूट स्कीला जोडणाऱ्या बाइंडिंगला पडताना आपोआप सुटण्याची सोय असते आणि ती किती ताणावर सुटावी हे माणसाच्या वजनावर आणि कसबावर ठरते. भाड्याच्या दुकानात वजन न विचारताच स्की हातात दिल्या तर ते दुकान सोडावे. स्कीमधली सर्वांत गंभीर नेहमीची दुखापत गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधाची असते, आणि न सुटलेले बाइंडिंग तिचे एक मोठे कारण आहे.

पहिल्या दिवशी घसरणे कमी आणि उठणे जास्त असते. एका पायात स्की घालून चालणे, बाजूला पडायला शिकणे, उताराला आडवे होऊन उठणे, आडव्या पावलांनी वर चढणे. मग थांबणे: दोन्ही स्कींची टोके जवळ आणि मागची बाजू फाकवून बर्फ खरवडायचा. ही नांगरासारखी मुद्रा जमली की भीती निम्मी होते, कारण वेग आता आपल्या ताब्यात असतो. वळण्याचा नियम मेंदूला सुरुवातीला पटत नाही. उजवीकडे वळायचे तर भार डाव्या स्कीवर द्यायचा. प्रौढ माणूस यावर विचार करत बसतो, तर दहा वर्षांचे मूल दोन तासांत उतरून जाते. चांगला प्रशिक्षक एकाच वेळी दोघातिघांपेक्षा जास्त विद्यार्थी घेत नाही. त्याच्याकडे पर्यटन खात्याची नोंदणी आहे का ते पाहावे, दर दिवसाचा की तासाचा हे आधी बोलावे आणि तोच माणूस सगळे दिवस ठेवावा. रोज नवा शिक्षक घेणारा रोज पहिलाच धडा शिकतो. तिसऱ्या दिवशी बहुतेकांना छोट्या लिफ्टने वर जाऊन स्वतः उतरता येते, आणि पाचव्या दिवशी कोंगडोरीच्या सौम्य वाटा खुणावू लागतात. एक दिवसाच्या सहलीत हे कधीच घडू शकत नाही.

आपल्याकडच्या डोंगरभटक्यांना एक फायदा असतो. राजगड-तोरण्याच्या उतरणीवर तयार झालेले गुडघे आणि मांड्या बर्फावर उपयोगी पडतात. ज्यांना ती सवय नाही त्यांनी दिवाळीपासून तयारी करावी: बैठका, भिंतीला पाठ टेकवून हवेत बसणे, पोटऱ्यांचे व्यायाम, रोज अर्धा तास भराभर चालणे. मग जानेवारीपर्यंत दोन-अडीच महिने मिळतात आणि ते पुरेसे आहेत. बर्फावर दमलेल्या पायांनीच अपघात होतात, आणि बहुतेकदा दुपारी उशिरा, 'आता शेवटची एक फेरी' म्हणत.

कपड्यांत सुती काहीही नको. सुती बनियन घामाने भिजते आणि थंड पडते. जीन्स तर बर्फात ओली होऊन लाकडासारखी ताठ होते. अंगालगत कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरीचे थर्मल, त्यावर फ्लीस, सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जाकीट आणि तशीच पँट. हातमोज्यांचे दोन जोड. तंगमर्गचे भाड्याचे गमबूट फोटोपुरते ठीक, दिवसभराला नव्हेत. उन्हाचा धोका मात्र आपल्या मंडळींना पटत नाही. ताजे हिम अतिनील किरणांचा 80 टक्क्यांपर्यंत भाग परत फेकते, आणि उंचीवर ती किरणे मुळातच प्रखर असतात. ढगाळ दिवशीही गॉगल हवा, नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. ओठांना आणि हनुवटीच्या खालीही सनस्क्रीन लावावे, कारण इथे ऊन खालूनही येते.

सगळ्यांत गांभीर्याने घ्यायची गोष्ट हिमस्खलन. खालचे कुरण आणि आखलेल्या वाटा यांच्यापुरते राहणाऱ्याला त्याची फारशी भीती नाही. पण अफरवतच्या वरच्या मोकळ्या उतारांवर हिम सैल असते आणि तिथे ते कोसळते. फेब्रुवारी 2010 मध्ये गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गला प्रशिक्षण घेणारे सतरा जवान हिमस्खलनात गेले. 1 फेब्रुवारी 2023 रोजी दोन पोलिश स्कीपटूंचा बळी गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये एका रशियन स्कीपटूचा. ही अनुभवी माणसे होती. गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत सापडला तर वाचण्याची शक्यता खूप मोठी असते. अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने ढासळते. म्हणजे सुटका करणारे बाहेरून येणार नसतात, ती बरोबरच्या साथीदारांनीच करायची असते. त्यासाठी प्रत्येकाकडे गाडलेल्याचा माग देणारा बीकन, हिमात खुपसून शोधायची काठी म्हणजे प्रोब, आणि फावडे हवे आणि ते वापरण्याचा सराव हवा. तो नसलेल्या माणसाने आखलेली वाट सोडू नये, मग सोबतचा वाटाड्या काहीही म्हणो. नवे हिम पडून गेल्यावरचा पहिला दिवस दिसायला सर्वांत सुंदर आणि वरच्या उतारांवर सर्वांत घातक असतो.

आणि रोज स्की करूच नये. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी पायांना सुट्टी द्यावी आणि जंगलात जावे. गुलमर्गभोवतीचे सुमारे 180 चौरस किलोमीटरचे क्षेत्र अभयारण्य आहे. बहुतेक जंगल फर आणि पाइनचे. कस्तुरीमृग, तपकिरी आणि काळे अस्वल, बिबट्या, लाल कोल्हा यांचे ते घर. हिवाळ्यात अस्वले झोपी गेलेली असतात, पण कोल्ह्याच्या पावलांची सरळ रेषा ताज्या हिमावर सकाळी हमखास दिसते. झाडांवर पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे, आभाळात हिमालयीन गिधाडांच्या घिरट्या, आणि नशीब असेल तर मोनाल. कुरणाला वळसा घालणारी सुमारे अकरा किलोमीटरची जुनी फेरी आहे. पूर्ण फेरी हिमात अवघड, पण स्थानिक माणूस सोबत घेऊन तिचा एखादा तुकडा स्नोशूजवर चालता येतो. तंगमर्गजवळ द्रंगचा धबधबा कडाक्याच्या थंडीत गोठतो, तो पाहायला अर्धा दिवस काढावा. बाबा रेशी यांची जुनी झियारत, म्हणजे दर्गा, उतारावर, जंगलाच्या काठी आहे आणि तिथली लाकडी कलाकुसर पाहण्यासारखी आहे. 'आप की कसम' चित्रपटातल्या गाण्यामुळे घराघरात ओळखीचे झालेले टेकडीवरचे शिवमंदिर जून 2024 मध्ये आगीत होरपळले.

खाण्यापिण्याची फार चिंता नको. शाकाहारी जेवण सगळीकडे मिळते. मुद्दाम मागून खावे ते नदरू, म्हणजे कमळाचे देठ, दह्याच्या यखनीत शिजवलेले, आणि हाक ही पालेभाजी. मांसाहार करणाऱ्यांनी श्रीनगरमध्ये पहाटे हरिसा खावा. तो फक्त हिवाळ्यातच मिळतो आणि सकाळी लवकर संपतो. गुलाबी रंगाचा खारा नून चहा पहिल्या घोटाला विचित्र लागतो. दुपारच्या उतारानंतर तोच हवासा वाटतो.

दुसरा पर्याय म्हणून उत्तराखंडमधल्या औलीचे नाव निघते. नंदादेवीचे तिथून होणारे दर्शन अतुलनीय आहे आणि उतारही शिकायला चांगले आहेत. पण 2023 च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचू लागल्यावर जोशीमठ ते औली रोपवे बंद झाला. तिथे जायचे तर रस्त्याने, आणि त्या डोंगरावर किती भार टाकायचा याचा विचार करून. तूर्त नवशिक्यासाठी पहिली पसंती गुलमर्गच.

गुलमर्गलाही भार सोसत नाहीच. अफरवतच्या वाटेवर हिम वितळले की चिप्सच्या पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या वर येतात. पाण्यासाठी धातूची बाटली, खाऊसाठी डबा घरूनच न्यावा आणि आपला कचरा श्रीनगरपर्यंत परत आणावा. साहित्य भाड्याने घ्यावे ते गावातल्या दुकानातून, प्रशिक्षक गावातला, स्लेज ओढणाऱ्याशी घासाघीस बेताची. हिम उशिरा आले की त्या माणसाचा सगळा हंगाम बुडतो, आणि हंगाम तीन महिन्यांचाच असतो.

दिवाळीच्या फराळाचे डबे संपण्याआधी घरात बसून तारखा ठरवाव्यात, गुलमर्गच्या पाच रात्री नक्की कराव्यात आणि गोंडोलाची तिकिटे अधिकृत संकेतस्थळावरच घ्यावीत. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातल्या वरच्या खोल्या डिसेंबर उजाडेपर्यंत भरत येतात.